धुऊन पाठवलेला जिताडा

परंदवडीच्या कैलासनं आयुष्यात मासा कधी तोंडात घातला नव्हता. समुद्र त्यानं दोनदा पाहिला होता, तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून. तरीही खाली कोकणातल्या खाडीत कुणाच्या पिंजऱ्यातला मासा कशानं मेला हे सांगायचं काम गेली अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि म्हणताना हसायचाही नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

तळेगावच्या ज्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता ती मुळात कोंबड्यांची. मावळात पोल्ट्रीच्या शेडी उभ्या राहिल्या तेव्हा एका डॉक्टरांनी ती काढली, आणि बी.एस्सी. होऊन घरी बसलेला कैलास तिथं चिकटला. घर माळकरी. पोरगा मेलेल्या कोंबड्या फाडतो हे कळल्यावर त्याचे वडील, भिमाजी, दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी धार काढता काढता त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू मारतोस का त्येंला?"

"न्हाई आबा. मेलेल्याच येत्यात."

"मंग काप. पर कशानं मेली त्ये खरं सांगत जा. त्यात लबाडी नगं."

एवढ्यावर प्रकरण मिटलं. घराला फक्त एक नियम लागला. कैलासनं पुढच्या दारानं घरात यायचं नाही. मागच्या अंगणात त्याची बायको शालूबाई कढत पाण्याची बादली ठेवायची, तो अंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. भिमाजी जाऊन सतरा वर्षं झाली. बादली अजून ठेवली जाते.

माशांचं काम प्रयोगशाळेत आलं तेव्हा कुणालाच ते नको होतं, कारण वास. कोंबडीच्या वासाला सरावलेली माणसंही नाकाला रुमाल लावायला लागली. तेव्हा माळकऱ्याला काय, सगळे वास सारखेच, असं म्हणून ते टेबल कैलासला देऊन टाकलं. त्यानं पुस्तकं वाचली, दोन शिबिरं केली आणि काम शिकून घेतलं. आधी माशाचं अंग पाहायचं: तोंड, कल्ले, पर, शेपटी. जखमेवरची बुळबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग पोट उघडून आतल्या अवयवांचा कण प्लेटवर ओढायचा आणि एकदोन दिवसांनी काय उगवलं ते बघायचं. यात मेख एकच होती. समुद्रातल्या जिवाणूला समुद्राचंच पाणी लागतं. कोंबडीसाठी केलेल्या साध्या प्लेटवर त्यातले काही उगवतच नाहीत, आणि नळाच्या गोड्या पाण्यात पडले तर फुटून मरतात. म्हणून कैलास मासळीच्या टेम्पोतून दर महिन्याला समुद्राच्या पाण्याचा एक कॅन मागवायचा, गाळायचा, उकळायचा आणि त्याच्या प्लेटी स्वतःच्या हातानं ओतायचा. नमुना कसा पाठवावा याचा बावीस सूचनांचा कागदही त्यानंच लिहिला होता. तो कागद कुणी वाचत नसे. लोक कुजलेले मासे पाठवायचे, गोठवलेले पाठवायचे. एकानं तर मासा मिठात घालून पाठवला होता. जिवंत आजारी मासा पाठवा म्हटलं की तो बाजारात जायचा आणि तीन दिवसांचा मेलेला कैलासच्या टेबलावर यायचा.

अशी अकरा वर्षं गेली की माणूस विचारायचं सोडतो. समोर आलं ते तपासावं, दिसलं ते लिहावं, पाच वाजता स्कूटर काढावी. सोमाटण्याचा चौक ओलांडताना गुडघे ठणकायचे. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि कैलास त्या महिन्यांकडे शेतकरी आभाळाकडे बघतो तसा बघत होता.

त्यातच गेणूच्या पेट्या यायला लागल्या.

गेणू लोहगडवाडीचा, तिशीतला. किल्ल्याखाली त्याच्या आईची चहा-भज्यांची टपरी होती. पण गेणूला तिथं करमेना म्हणून तो घाट उतरून गेला आणि एका खाडीतल्या मच्छीमार गटाकडं राखणीला लागला. गटाचे तीन पिंजरे होते, त्यात जिताडा सोडलेला. जिताडा म्हणजे कोकणात ज्याच्यासाठी लोक कोळ्याच्या दारात उभे राहतात तो मासा. गेणू तराफ्यावरच राहायचा, तिथंच झोपायचा, माशांना खाद्य घालायचा. दिवाळीनंतर मासे मरायला लागले.

पहिल्या पेटीच्या वेळी गेणूचा फोन आला तेव्हा कैलासला बोली ऐकून बरं वाटलं.

"भाऊ, मी लोहगडवाडीचा. हितं समदी कोकणातली हायेत, मी येकटाच घाटावरचा. मासं लय मराया लागलंत. तोंडं सडल्यावानी दिसत्यात. बघा बरं काय हाय त्ये."

कैलासनं बघितलं. पेटीतला मासा ताजा होता, स्वच्छ होता, नमुना असावा तर असा. अंगावर बुळबुळ नव्हती, खरवडून काही मिळालं नाही. आतल्या अवयवांतूनही काही उगवलं नाही. त्यानं तसं लिहिलं: जिवाणूंची वाढ आढळली नाही. समीक्षा मॅडमनी सही केली. या समीक्षा मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख, वयानं कैलासच्या मुलीएवढ्या, हुशार आणि कायम घाईत.

दुसरी पेटी तीन आठवड्यांनी आली. पुन्हा तसाच चकचकीत मासा, पुन्हा कोरी प्लेट. या वेळी मात्र कैलासला एक गोष्ट दिसली. शेपटीची कड कात्रीनं कापल्यासारखी सरळ होती. रोगानं झिजलेली शेपटी अशी सरळ नसते. गेणूला फोन करून विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण त्या दिवशी कोंबड्यांचे चाळीस नमुने रांगेत होते आणि पाठ मोडून आली होती. जाळीत अडकली असेल, असं स्वतःशी म्हणून त्यानं 'शेपटीस इजा' एवढं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला.

त्या कागदानं खाडीवर काय केलं ते त्याला गेणूच्या पुढच्या फोनमध्ये कळलं. जिवाणू नाही, म्हणजे रोग नाही. रोग नाही आणि मासे मरतात, म्हणजे कुणीतरी विष घातलं. रात्रंदिवस तराफ्यावर कोण असतं? घाटावरचा. सगळं खापर गेणूच्या डोक्यावर फुटलं होतं.

"भाऊ, तिसरी पेटी धाडतोय," गेणू म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "अध्यक्ष म्हनले, ह्यो कागदबी कोरा आला तर पोलिसात देऊ. मी काय बी केल्यालं न्हाई. पर आसं कोन मानतंय? रोगाचं नाव काय आसंल त्ये तुमीच सांगा."

कैलासनं "बघतो" म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याला कामात लक्ष घालता आलं नाही.

पेटी यायची वाट ठरलेली होती. मासळीचा टेम्पो पहाटे घाट चढून लोणावळ्याच्या बाजारात वाहिदच्या गाळ्यावर माल टाकायचा, त्यातच ही पेटी. वाहिद मासे विकणारा. प्रयोगशाळेतला कारकून अतुल लोणावळ्याला राहायचा. तो वाहिदकडून पेटी घेऊन लोकलनं तळेगावला आणायचा. त्या मंगळवारी अतुलच्या बहिणीचा साखरपुडा होता, म्हणून रजा. एरवी कैलासनं पेटी दुसऱ्या दिवशी मागवली असती. गेणूचा आवाज आठवला आणि तो मुकाट्यानं पहिल्या गाडीनं लोणावळ्याला गेला.

बाजार नुकता उघडत होता. वाहिद चाळिशीचा, नीटस माणूस, गाळ्याच्या मागच्या बाजूला उकिडवा बसला होता. समोर पेटी उघडी होती. हातात जिताडा होता. त्यानं आधी कात्रीनं शेपटीची फाटकी कड आणि तोंडाजवळचं सडकं कातडं सफाईनं कापून शेजारच्या बादलीत टाकलं. मग नळ धो धो सोडून तो ब्रशनं त्या माशाचं अंग घासायला लागला. दोन मासे धुऊन लखलखीत झाले होते. हा तिसरा आणि शेवटचा.

कैलास बघत राहिला.

"हे काय करताय?"

वाहिदनं वर पाहिलं. गळ्यातली माळ दिसताच तो लगबगीनं उठला आणि हात पुसायला लागला. "तुम्हीच का कैलासभाऊ? अतुल सांगायचा. म्हणाला, आमचे साहेब माळकरी आहेत, तरी बिचारे मासे हाताळतात. मग मीच म्हटलं, असला बुळबुळीत, सडका मासा माळकऱ्याच्या हातात कसा द्यायचा? बरं नाही दिसत ते. म्हणून दर वेळी स्वच्छ करून देतो. नीट पोचतात ना?"

त्यानं इतक्या भाबडेपणानं विचारलं की कैलासला रागावताही येईना. आणि रागवायचं तरी कुणावर? ज्याच्या घरी मासा शिजतो त्या प्रत्येकाला ठाऊक असतं की मासा कुणाला द्यायचा तर धुऊन, साफ करून देतात. कैलासच्या घरी मासा कधी आलाच नव्हता. त्यानं बावीस सूचना लिहिल्या होत्या. बर्फ किती, पिशवी कसली, वेळ किती, सगळं होतं. मासा धुऊ नये, हे त्यात नव्हतं. त्याला ते सुचलंच नव्हतं. रोग अंगावरच्या बुळबुळीत आणि सडलेल्या कडेत बसलेला होता आणि तोच दर वेळी लोणावळ्याच्या गटारात वाहून जात होता.

"ह्या पेटीबरोबर एक पोरगाही आला टेम्पोतून," वाहिद सांगत होता. "पिशवी घेऊन. खाली काहीतरी भांडण झालं म्हणे. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला. लोहगडाकडं गेला."

कैलास खाली बसला. बादली त्यानं पुढ्यात ओढली. तिच्यात बांगड्यांची डोकी, कोळंबीची टरफलं, आतडी, रक्त. त्यानं बाह्या वर सारल्या आणि हात घातला. येणारी-जाणारी माणसं थबकून बघायला लागली. गळ्यात माळ घातलेला पांढऱ्या केसांचा गृहस्थ भर बाजारात मासळीच्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून काय शोधतोय, ते कुणाला कळेना. वाहिदला सर्वात आधी कळलं. तोही शेजारी बसला आणि जिताड्याची कातडी कुठली, बांगड्याची कुठली ते ओळखून एकेक तुकडा काढून द्यायला लागला.

"चूक झाली का भाऊ माझी?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमची न्हाई," कैलास म्हणाला.

शेपटीचे चार तुकडे आणि तोंडाचं थोडं कातडं मिळालं. नळाचं पाणी न लागलेलं. ते डबीत घेऊन तो परतला आणि टेबलावर बसून त्यानं त्यातला एक कण काचपट्टीवर चोळला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तर समोर शेवया सांडल्यासारखे लांब, बारीक जिवाणू, सगळीकडं, एकमेकांत गुंतलेले. असलं चित्र पुस्तकात त्यानं शंभर वेळा पाहिलं होतं. समुद्राच्या पाण्याच्या प्लेटवर गुरुवारी तेच उगवलं. बादलीतल्या बाकीच्या जिवाणूंचं गणगोतही सोबत होतं, पण त्यांच्यात फिकट पिवळे, पसरट, कड फाटलेले ठिपके प्लेटला असे घट्ट चिकटले होते की सुईनं निघेनात. टेनासिबॅक्युलम. समुद्रातल्या माशांचं तोंड आणि शेपूट सडवणारा जिवाणू. आतल्या अवयवांत तो सहसा मिळत नाही, म्हणून तिथल्या प्लेटी कोऱ्या राहिल्या. गेणूनं पहिल्या फोनमध्येच सांगितलं होतं, तोंडं सडल्यावानी दिसत्यात.

समीक्षा मॅडमनी प्लेट पाहिली, काचपट्टी पाहिली, मान डोलावली. "छान सापडलं, काका. कचऱ्यातला नमुना आहे, त्यामुळे प्राथमिक निदान म्हणूया. न धुतलेला मासा परत मागवून खात्री करू. करते सही."

"मॅडम, आधीच्या दोन अहवालांचं लिहावं लागेल. ते चुकीचे होते म्हणून."

त्या थांबल्या. "नमुनेच धुतलेले आले, त्यात आपण काय करणार? नवीन अहवाल दिला की जुने आपोआप मागं पडतात. कशाला उगीच..."

"एका माणसाला विष घातलं म्हणून हाकललंय तितनं. आपल्या कागदावरून." रागात बोलताना कैलासची घरची बोली बाहेर यायची, तशी आली. "आन् शेपटी कापलेली मला दिसली हुती. मी इचारलं न्हाई."

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. नोकरीच्या एकतीस वर्षांत या माणसानं आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी संगणकाकडं तोंड वळवलं आणि एक ओळ वाढवली.

अहवाल गटाला फोनवर गेला. अध्यक्षांशी कैलास स्वतः बोलला. दोन पिंजरे त्यांनी घाबरून आधीच विकून रिकामे केले होते, तिसऱ्यात थोडे मासे होते. औषधाचं डॉक्टरांना विचारून सुरू करू म्हणाले. गेणूचं विचारलं तर म्हणाले, बघू. बघू या शब्दाचा अर्थ कैलासला चांगला ठाऊक होता. तो स्वतः हाच शब्द वापरायचा.

म्हणून शुक्रवारी दुपारी छापील अहवाल खिशात घालून त्यानं स्कूटर लोहगडाच्या रस्त्याला घातली. चढ लागला तशी स्कूटर धापा टाकायला लागली, तोही टाकत होता. आडवार असल्यामुळं ट्रेकर नव्हते. टपरीवर गेणू कांदे चिरत होता आणि त्याची आई बयाबाई चुलीजवळ बसली होती. कैलासनं नाव सांगितल्यावर गेणूच्या हातातली सुरी थांबली.

"सापडलं," कैलास म्हणाला आणि कागद पुढं केला. "रोग हुता. इख न्हाई."

गेणूनं कागदाला हात लावला नाही. "मासं किती ऱ्हायलंत?"

"येका पिंजऱ्यात थोडं हायती."

"खाद्य कोन घालतंय?"

हे कैलासनं विचारलं नव्हतं. त्यानं मान हलवली. गेणू पुन्हा कांदे चिरायला लागला, पण दोनच फोडी करून थांबला. "मी त्येंला सांगत हुतो भाऊ, तोंडं बघा, शेपट्या बघा, रोगच हाय. पर त्येंनी कागद दावला. तुमचा. कागदाम्होरं माजं कोन ऐकनार?" मग आवाज सावरून म्हणाला, "मला नगा वाचून दावू. आयला दावा. माज्या नावाचा बोभाटा झाल्यापास्नं चार दीस ती कुनाच्या दारात गेल्याली न्हाई."

कैलास बयाबाईसमोर बाकड्यावर बसला. कागद इंग्रजीत होता. एकेक ओळ तो मराठीत सांगत गेला. रोगाचं नाव तिला कळलं नाही, पण तिनं ते दोनदा म्हणायला लावलं. औषध काय, खबरदारी काय, सगळं तिनं ऐकून घेतलं. मग शेवटची ओळ आली: यापूर्वीचे दोन्ही अहवाल चुकीचे होते, ते ग्राह्य धरू नयेत.

"ती दोन कुनी लिवलीवती?" बयाबाईनं विचारलं.

कागदावर 'प्रयोगशाळा' असं होतं. तोच शब्द कैलासच्या ओठांवर आला होता. तो म्हटला असता तर कुणी काही विचारलं नसतं. चहा पिऊन तो खाली उतरला असता आणि सात महिन्यांनी घरी बसला असता.

"म्या लिवली, मावशी. कापल्याली शेपटी मला दिसलीवती. गेणूला येक फोन करायचा हुता. कटाळा आला, म्हनून क्येला न्हाई."

बयाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, गळ्यातल्या माळेकडं पाहिलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. कैलासला वाटलं, आता ती शिव्या देईल तर बरं.

"गेणू," ती म्हणाली, "शेजारच्या गोरखला हाक मार. त्येच्या बायकूला बी. वरच्या आळीतली समदी येऊ दे." मग कैलासला म्हणाली, "तुमी परत वाचा. शेवटचं त्येबी सांगा, आता सांगितलंत तसंच. समद्यांम्होरं."

गेणू उठून गेला. वरच्या आळीत त्याच्या हाका ऐकू यायला लागल्या. कैलासनं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, कागदाची घडी परत उलगडली आणि माणसं जमेपर्यंत तो मांडीवर धरून बसून राहिला.